बाळ एनआयसीयूत असताना भीड नको: या चुका टाळा

अपुऱ्या दिवसांचं, म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं की घरचे बहुधा गप्प होतात. गोव्यातल्या पेडणे, सत्तरी, सांग्याहून, शिवाय हद्दीपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळी, म्हापसा किंवा मडगावचं रुग्णालय गाठणारी माणसं 'आता सगळं डॉक्टरांच्या हाती' म्हणून बाकड्यावर बसून राहतात. मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे, आणि मला वाटतं की ही भीड बाळाला महागात पडते. आई-बाबांनी बघावं, विचारावं, टोकावं. त्यांच्याइतकं लक्ष एकाच बाळावर दुसऱ्या कुणाचं नसतं.

हात धुतले आणि मग मोबाईल घेतला

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. साबणाने छान हात धुतात, आत येतात आणि फोटोसाठी खिशातला मोबाईल काढतात. बसमध्ये, कँटीनमध्ये, शौचालयात गेलेला तो मोबाईल हातात आला की धुणं फुकट गेलं. मोबाईल बाहेरच ठेवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद हात चोळायचे. बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखांची टोकं विसरायची नाहीत. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील तर सॅनिटायझर पुरत नाही, साबणच हवा.

अंगठी, घड्याळ, बांगड्याही उतरवायच्या. ओल्या बाळंतिणीच्या हातातल्या बांगड्या काढायला सांगितलं की आजी कासावीस होतात, आणि ते मला कळतं. पण बांगडीखालची कातडी नीट धुतली जात नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की जंतूंना अडवायची ताकद तिच्यात फारशी नसते.

हाच नियम आम्हालाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांना आढळलं की सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त बाळंतिणी तापाने दगावतात, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं आणि मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा 'सिस्टर, डॉक्टर, हात धुतलेत ना?' असं बिनदिक्कत विचारा. कुणाला राग आला तरी विचारा.

हातापायावरची पट्टी न वाचणं

बाळाचं बारसं झालेलं नसतं, त्यामुळे पट्टीवर आईचं नाव असतं. गोव्यात एकाच वेळी दोन नाईक, दोन गावडे दाखल असणं काही नवल नाही. म्हणून आईचं पूर्ण नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, पट्टी सैल होऊन गळून पडते. ती उचलून पाळण्यात ठेवू नका, लगेच सिस्टरला दाखवा.

काढलेल्या दुधाचंही तसंच. वाटीवर किंवा बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिलेली हवी, आणि पाजण्याआधी आईने ती स्वतः वाचावी. चुकून दुसऱ्या बाळाचं दूध पाजलं गेलं, तर लपवू नका. दोन्ही आयांच्या तपासण्या बघाव्या लागतात. सुरुवातीचा चीक चार-पाच थेंबच निघाला म्हणून तो टाकणं, ही तर मन दुखवणारी चूक. तेवढे थेंबही बाळाला हवे असतात.

औषध भरणाऱ्या सिस्टरशी बोलणं

एक किलोच्या बाळाचा डोस मिलिलीटरच्या अंशात असतो. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. सिरिंज भरत असताना 'बाळ दूध पितं का हो?' असं विचारू नका, दोन मिनिटं थांबा. आणि सहकाऱ्यांना सांगणं: '.५' लिहू नका, '०.५' लिहा, '५.०' ऐवजी नुसतं '५'. जोखमीचं औषध दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे मोजून पाहिल्याशिवाय देऊ नये, रात्रपाळीत मनुष्यबळ कमी असलं तरी.

अलार्म बंद करणं, ऑक्सिजन वाढवायला सांगणं

मॉनिटर वाजला की काही नातेवाईक घाबरून बटण दाबतात. आवाज थांबतो, कारण तसंच राहतं. बटणाला हात न लावता हाक मारा. तसंच, ऑक्सिजन म्हणजे जितका जास्त तितका चांगला, असं नाही. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातलं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. त्याहून जास्त झालं तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा धोका असतो. त्यालाच आरओपी म्हणतात.

बाळाला छातीशी घ्यायला घाबरणं

इतकं लहान बाळ, नळ्या लागलेल्या, कसं उचलू? भीती खरी आहे, पण बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरण्याची कांगारू पद्धत हा उपचारच आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात ती सुरू झाली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मानंतर लवकरात लवकर सुरुवात करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितकं घ्यावं. बाबाही घेऊ शकतात. मंगळसूत्र बाजूला ठेवा, बाळाची मान एका कुशीला आणि किंचित वर असू दे, नाक मोकळं दिसलं पाहिजे. गाढ झोप येत असेल तर आधी सिस्टरला सांगा.

घरी गेल्यावर डोळ्यांची तपासणी चुकवणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. बाळ दूध ओढतं, वजन धरतं, मग 'डोळे तर टपोरे आहेत, कशाला परत एवढ्या लांब?' म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) येते, पाहुणे येतात. आरओपी बाहेरून दिसत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लवकर जन्मलेल्यांची त्याहून आधी. गरज लागली तर लेझर काही दिवसांतच करावा लागतो, उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहिलेली नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

घरी धुरी देऊ नका, ही फुप्फुसं आधीच कच्ची आहेत. मध, गुटी चाटवू नका, नाका-कानात तेल घालू नका. बाळ दूध ओढेनासं झालं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार किंवा तापलेलं लागलं, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला टोपी घालून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवा, वरून शाल पांघरा.