कस्टम्समधली चिरीमिरी थांबवायची तर सुरुवात कुठून करायची

पहिलं म्हणजे कंप्युटर घ्यायला धावू नका. आधी एखाद्या डिक्लरेशनच्या (मालात काय आहे, किती किमतीचं आहे ते सांगणारा कागद) मागेमागे फिरा, एजंटने कागद दिल्यापासून कंटेनर गेटबाहेर पडेपर्यंत, आणि किती सह्या लागल्या, कुठल्या टेबलावर फाईल उगाच बसून राहिली ते वहीत लिहा. माल अडवायचा अधिकार एकट्या साहेबाकडे आणि त्याला विचारणारं कोणी नाही, तिथेच पाकीट सरकतं. त्या सह्या आधी उडवा, नाहीतर तोच गोंधळ ऑनलाइन होईल फक्त.

मग ड्यूटीच्या दरांकडे बघा. एकच वस्तू 'सुटा भाग' म्हटली तर ५ टक्के आणि 'मशीन' म्हटली तर २० टक्के असेल तर मधल्या १५ टक्क्यांवर घासाघीस होणारच ना. दर कमी ठेवा, आणि कुठला कोड (वस्तू कुठल्या वर्गात बसते तो नंबर, त्यावरून दर ठरतो) लागणार हे माल यायच्या आधीच लेखी सांगायची सोय करा.

सगळे कंटेनर उघडायचे नाहीत. कुठला माल ग्रीन, यलो की रेड चॅनलमध्ये जाणार हे कंप्युटर सिस्टिमने ठरवायचं: रेडवाला उघडून बघायचा, यलोवाल्याचे कागद तपासायचे, ग्रीनवाला माल थेट सोडायचा आणि हिशेब नंतर ऑडिटमध्ये तपासायचा.

आता खरी गोम. कुठली फाईल कुठल्या इन्स्पेक्टरकडे जाणार हे कंप्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं म्हणतात, बरोबरच आहे, पण मादागास्करच्या तोआमासिना बंदरात हेच केलं होतं आणि आयटीच्या आतल्याच लोकांनी ती निवड वाकवून ठराविक फाईली ठराविक इन्स्पेक्टरकडे पाठवल्याचं अभ्यासात सापडलं! म्हणजे लाच टेबलावरून उठून सर्व्हर रूममध्ये गेली. म्हणून अॅडमिन पासवर्ड कुणी, कधी वापरला त्याचा लॉग खात्याबाहेरच्या माणसाकडे जायला हवा, आणि त्याने तो खरंच उघडून वाचायला हवा.

माणसांचं काय? नुसता पगार वाढवून भागत नाही. कॅमेरूनने २०१० मध्ये दुआला बंदरात इन्स्पेक्टरांशी करार केले, फाईल किती वेळात निघाली, लबाडी किती पकडली, सगळं आकड्यांत मोजलं. दोन्ही मोजायचं हं, नुसता वेळ मोजलात तर डोळे मिटून शिक्के मारतील.

जागतिक सीमाशुल्क संघटनेचा अरुशा जाहीरनामा (१९९३चा, २००३ मध्ये सुधारलेला) पण चाळा, वरिष्ठांनी स्वतः जबाबदारी घ्यायची हा मुद्दा त्यात सुरुवातीलाच आहे.

आणि तक्रारीचा नंबर भिंतीवर लावाल तेव्हा तो फोन त्याच साहेबाच्या टेबलावर वाजत नाही ना, एकदा लावून बघा.