शीटमधल्या नोंदींचा सरफेस प्लॉट: यावल-रावेरच्या विहिरींवर हात बसवताना

सरफेस प्लॉट म्हणजे जागा एक्स-वायवर आणि तिथली किंमत झेड या उंचीने दाखवणारं त्रिमितीय चित्र. ते शिकायला बसलेली मुलं बहुतेक वेळा सूत्रापासून सुरुवात करतात. साइन-कोसाइन टाकलं की पडद्यावर सुरेख लाटा उठतात आणि जमलं असं वाटतं. प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी हातात आल्या की गाडी अडते. म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या ज्युनियर मुलांना मी सांगतो, आपल्याच भागातला डेटा घ्या. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरी आणि ट्यूबवेल घेतल्या होत्या. केळीचा मुलूख, त्यामुळे पाण्याचा विषय काढला की बांधावरचा कुणीही थांबून बोलतो.

निम्म्याहून जास्त वेळ शीटवर जातो, आणि जाऊ द्यावा. शेतकरी फुटांत सांगतो, "पाणी एकशेऐंशीवर आहे, भाऊ." सरकारी नोंदी मीटरमध्ये असतात. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, वेगळा कॉलम करून एकदाच रूपांतर करा. कोरड्या विहिरीपुढे कुणी 'कोरडी' लिहितं, कुणी ०. शून्याचा अर्थ पाणी जमिनीच्या पातळीला आलं असा होतो आणि प्लॉटमध्ये तिथे मनोरा उभा राहतो. तो खाना रिकामा ठेवा. खान्यात डावीकडे चिकटलेला आकडा दिसला तर तो बहुधा मजकूर म्हणून बसलाय, हेही तपासा.

मग झेड म्हणजे नक्की काय ते ठरवा. पंप किती खोल सोडायचा हा प्रश्न असेल तर जमिनीपासूनची खोली पुरते. पाणी कुठून कुठे वाहतंय ते पाहायचं असेल तर जमिनीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती खोली वजा करावी लागते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत जमीन उतरत जाते, त्यामुळे एकाच शीटवरून काढलेली ही दोन चित्रं एकमेकांना ओळखही देत नाहीत.

एक्सेलमध्ये सरफेस चार्ट आहे, पण त्याला चौकट लागते: वरच्या ओळीत एक्स, पहिल्या कॉलममध्ये वाय, मधल्या खान्यांत झेड. ठिबकच्या दोन नळ्यांमधल्या जमिनीतली ओल दर मीटरला मोजली असेल तर तीन कॉलमवरून पिव्होट टेबल (नोंदी उभ्या-आडव्या मांडून देणारी एक्सेलची सोय) करून अशी चौकट लगेच मिळते. विहिरी मात्र वाट्टेल तिथे खोदलेल्या असतात. शिवाय एक्सेल एक्स-वायच्या किमतींना नुसती लेबलं समजतं. १, २ आणि १० किलोमीटर हे तिन्ही सारख्याच अंतरावर मांडतं. विखुरलेल्या नोंदींसाठी ते सोडून द्या.

मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे आणि तिच्या तयार लायब्ररींकडे वळलो. पांडाजने शीट वाचायची, सायपायच्या ग्रिडडेटाने ग्रिड (सारख्या अंतरावरच्या बिंदूंची जाळी) भरायचा, मॅटप्लॉटलिबच्या प्लॉट_सरफेसने काढायचं. त्याआधी अक्षांश-रेखांश मीटरमध्ये आणा. त्यासाठी यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत आहे; खान्देश तिच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. आपल्याकडे एक अंश अक्षांश सुमारे १११ किलोमीटर, तर एक अंश रेखांश १०४ च्या आसपास. अंशच वापरले तर नकाशा गुपचूप ताणला जातो.

ग्रिड भरणं हा खरा विषय, आणि ट्युटोरियलमध्ये तो एका ओळीत उरकतात. ३० विहिरींवरून २०० बाय २०० चा ग्रिड केला की ४०,००० किमती तयार होतात. मोजलेल्या ३०, बाकी सगळा अंदाज! 'लिनियर' पद्धत शेजारच्या तीन विहिरींच्या किमतींमध्येच राहते. 'क्युबिक' गुळगुळीत दिसते, पण उसळी मारून कधी पाणी जमिनीच्या वर दाखवते. मी लिनियरच वापरतो. मार्गदर्शकांना खडबडीत वाटलं तर वाटू दे. सगळ्यात बाहेरच्या विहिरींच्या पलीकडे या दोन्ही पद्धती काहीच भरत नाहीत. ती जागा मोकळीच ठेवा, 'निअरेस्ट' (सर्वात जवळच्या विहिरीचीच किंमत देणारी पद्धत) लावून बुजवू नका. पुढे क्रिगिंग ही ग्रिड भरायची आणखी एक पद्धत शिकाल. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या डॅनी क्रिग यांच्या नावावरून ते नाव पडलं. त्यात अंदाजासोबत तो किती डळमळीत आहे तेही कळतं.

सॉफ्टवेअरला तापी माहीत नाही, हेही ध्यानात ठेवा. यावल-रावेरच्या बाजूला नदीकाठी गाळाची जाड माती, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा थर; नदीपलीकडे दक्षिणेला भुसावळ-जळगावकडे बहुतेक काळा बेसॉल्ट खडक. दोन्हीकडच्या विहिरी एकाच ग्रिडमध्ये टाकल्या तर मधून छान उतार जोडला जातो, आणि त्याला भूगर्भात काही आधार नसतो. नदीच्या दोन बाजूंचे दोन ग्रिड करा.

चित्र काढण्याचं काम त्यामानाने सोपं. ४० किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरचा फरक खऱ्या प्रमाणात दाखवला तर पापडासारखं सपाट दिसेल. उभी बाजू ताणावीच लागते, फक्त किती पट ते लिहा. रंगांसाठी व्हिरिडिस हा जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा रंगपट्टा घ्या; २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबचा मूळ रंगपट्टा तोच आहे, पण प्लॉट_सरफेसला तो cmap मध्ये सांगावा लागतो. विहिरींचे ठिपके त्याच चित्रात टाका. मॅटप्लॉटलिबमध्ये पुढचं-मागचं कधी उलटं दिसतं. फिरवून दाखवायचं असेल तर प्लॉटली ही दुसरी लायब्ररी घ्या, आणि छापील अहवालात शेजारी कंटूर नकाशा (सारख्या किमतीच्या रेषांचा) द्या, कारण कागद फिरवता येत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला रंगांबद्दल कुणी विचारलं नाही. "एक विहीर काढून टाकली तर तुमचा ग्रिड तिथे काय सांगतो?" हा प्रश्न आला. उत्तर तयार होतं, कारण प्रत्येक विहीर आळीपाळीने वगळून अंदाज आणि मोजमाप यांतला फरक मी काढून ठेवला होता. चार ओळींचा लूप आहे. त्याचा तक्ता प्रकल्पात प्लॉटच्या खालीच छापा.