नात आपली, पासपोर्ट परका: बेळगाव भागात परदेशी नागरिकांच्या नोंदणीत होणाऱ्या या चुका टाळा

सून जर्मनीची असो, नाहीतर नात अमेरिकेत जन्मलेली, घरात पाऊल टाकलं की ती आपलीच. तिच्या हातात ताट येतं आणि पासपोर्ट कपाटात जातो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कागदाच्या लेखी ती परदेशी नागरिक असते आणि तिचे दिवस विमानतळावर शिक्का पडल्यापासून मोजले जात असतात.

आधी एक गोष्ट जुन्या माहितीवर चालणाऱ्यांसाठी. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ लागू झाला आहे. १९२०चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९चा परदेशी नागरिक नोंदणीचा कायदा, १९४६चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि २००० सालचा विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा, हे चारही त्यात विलीन झाले. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटी मोडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘पूर्वी एकाने असंच केलं, काही झालं नाही’ हा सल्ला कोपऱ्यावरच्या चहाबरोबर तिथेच सोडून या.

चौदा दिवस बेळगावात पोचल्यापासून मोजणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल (विद्यार्थी, नोकरी, एंट्री म्हणजे एक्स व्हिसा), तर भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओच्या) ऑनलाइन पोर्टलवर, नोंदणी करावी लागते. भारतात म्हणजे भारतात, बेळगावात नव्हे. बेळगावच्या सांबरा विमानतळावर इमिग्रेशन नाही, तिथे फक्त देशांतर्गत विमानं उतरतात. त्यामुळे शिक्का पडतो मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्याला.

समजा, २० ऑगस्टला मुंबईत शिक्का पडला. मग चार दिवस ठाण्यात आत्याकडे, तीन दिवस पुण्यात, तीन दिवस कोकणात. ३० तारखेला बेळगाव. घरच्यांच्या हिशेबाने चौदाच्या चौदा दिवस शिल्लक असतात. खऱ्या हिशेबाने दहा संपले आणि चार उरले, त्यातही मध्ये रविवार आणि गौरी-गणपती. म्हणून तिकीट काढतानाच कागद जमवायला घ्या.

शिक्क्याची तारीख वाचतानाही लोक फसतात. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडे दिवस आधी. ०५/०४ म्हणजे इथे ५ एप्रिल. तिकडून आलेला नातू स्वतः फॉर्म भरायला बसला की ४ मे टाकून मोकळा होतो. मग अर्जावरची तारीख आणि शिक्का जुळत नाहीत आणि अर्ज खुलाशासाठी परत येतो. पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून, महिना अक्षरात वाचून मगच तारीख टाका.

व्हिसावरची बारीक ओळ न वाचणे

व्हिसाच्या स्टिकरवर शेरा असतो. १४ दिवसांत नोंदणी आवश्यक, असा एक प्रकार. एका मुक्कामात १८० दिवसांहून जास्त राहायचं नाही, असा दुसरा. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला नोंदणीची घाई नसते. पण मुक्काम लांबवायचा असेल, तर १८० दिवस भरायच्या आत अर्ज गेला पाहिजे. १८१व्या दिवशी जाऊन ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं हो’ म्हणून चालत नाही. ऑपरेशनची कागदपत्रं जोडून दीड महिना आधी अर्ज केला असता, तर तेच कारण चाललं असतं.

व्हिसाची मुदत आणि राहायची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा दिला त्या दिवसापासून त्याची मुदत धावते, तुम्ही विमानात बसल्यापासून नाही. दूतावासाने जानेवारीत दिलेला एक वर्षाचा व्हिसा घेऊन जूनमध्ये आलात, तर हातात साधारण सातच महिने उरतात.

फॉर्म सी: घरमालकाचं काम, घरमालकच विसरतो

पाहुण्याची नोंदणी पाहुण्याने करायची आणि तो घरी उतरल्याची खबर घरमालकाने द्यायची. ही खबर २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते. सगळे अजूनही तिला फॉर्म सी म्हणतात. लॉज, हॉस्टेल, पेइंग गेस्ट यांना हे ठाऊक असतं. नेहरूनगर, सदाशिवनगर, हनुमाननगर या भागांत वैद्यकीय कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या देणारे बरेच जण मात्र समजतात की कॉलेजने कळवलं म्हणजे झालं. कॉलेजने विद्यार्थ्याची माहिती द्यायची असते, ती वेगळी. खोलीच्या मालकाचं काम त्याने सुटत नाही.

स्वतःच्या घरी, पैसे न घेता, सख्ख्या नातेवाइकाला ठेवलं तरी हा नियम लागू होतो. पोर्टलवर खासगी घरासाठी वेगळा पर्याय आहे, तो याचसाठी.

खरी अडचण वेळेची असते. घरमालकाला आधी स्वतःचा यूजर आयडी काढावा लागतो आणि तो कार्यालयाकडून मंजूर व्हावा लागतो. पाहुणा दारात आल्यावर आयडी काढायला बसलात, तर २४ तास त्या मंजुरीतच जातात. निदान आठवडाभर आधी तो काढून ठेवा. मालक पुण्याला राहतो आणि किल्ली शेजाऱ्याकडे, असं असेल तर हे कोण करणार ते भाडेकरू येण्याआधीच ठरवा. फॉर्म सीची प्रत पुढे विद्यार्थ्याच्या नोंदणीच्या अर्जालाही जोडावी लागते. ती नसली की त्याचा अर्ज अडकतो आणि शिव्या खातं कॉलेज.

पाहुणा चार दिवस गोव्याला जाऊन तिथे हॉटेलात राहिला, तर तिथला फॉर्म ते हॉटेल भरतं. परत तुमच्या घरी आला की नवीन फॉर्म तुम्ही भरायचा.

पत्ता: इथे हिशेब सगळा सरहद्दीचा

सीमाप्रश्नाबद्दल आपलं मत काहीही असो, पोर्टलवर बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटकातच शोधावं लागतं. अर्ज कुठल्या कार्यालयाकडे जाणार हे तुम्ही निवडलेल्या राज्य आणि जिल्ह्यावर ठरतं. तिथे ‘महाराष्ट्र, कोल्हापूर’ टाकलं की अर्ज दुसऱ्याच राज्यात जातो.

उलटी चूकही होते. शिनोळीत कारखाना, रोजची ऊठबस बेळगावात, राहायला मात्र चंदगड तालुक्यात. अशा माणसाकडे आलेल्या परदेशी अभियंत्याचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला आहे. बेळगाव बसस्टँड पंधरा-सोळा किलोमीटरवर असला तरी त्याने काही बदलत नाही. पिनकोड पाहा. ५९० किंवा ५९१ ने सुरू होत असेल तर बेळगाव जिल्हा, ४१६ असेल तर कोल्हापूरकडचा. निपाणी-कागल पट्ट्यातही हेच.

जिल्ह्याच्या आतही एक पायरी आहे. चौकशीला स्थानिक पोलीस येतात. बेळगाव शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि तालुक्यांचं जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय वेगळं. काकती, हिरेबागेवाडी ही ठाणी नावाने खेड्यातली वाटतात, पण ती आयुक्तालयात येतात. त्यामुळे ‘आमचं गाव ग्रामीणमध्ये’ असं गृहीत धरून हेलपाटे घालू नका. आधी ठाणं कुठल्या हद्दीत आहे ते विचारा.

पत्त्याचा पुरावा म्हणून बहुधा हेस्कॉमचं वीजबिल आणि भाडेकरार देतात. इथे तीन गोष्टी अडतात:

- बिल कन्नडमध्ये आणि आजोबांच्या नावावर, करार नातवाच्या नावावर. मधली कडी जोडणारा उतारा किंवा वारसाचा कागद सोबत द्या.
- करारावर सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, बिलावर घरनंबर. करार टाइप करतानाच दोन्ही एका ओळीत लिहून घ्या.
- शहराचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं. जुन्या पासपोर्टात आणि जन्मदाखल्यात इंग्रजी स्पेलिंग ‘बेळगाम’सारखं आहे. जुनं स्पेलिंग असलेला कागद चुकीचा नसतो. पण नवीन अर्जात पोर्टलच्या यादीतलं नावच निवडा आणि जन्मस्थान पासपोर्टात जसं छापलंय तसंच ठेवा. स्वतःहून ‘दुरुस्त’ करू नका.

नावाचंही तसंच. मराठी घरात मुलीच्या पासपोर्टात वडलांचं नाव मध्ये आणि लग्नानंतरचं नाव तोंडी. अर्जात आडनाव आणि दिलेलं नाव पासपोर्टाच्या यंत्राने वाचायच्या ओळीत जसं आहे तसं उतरवा. लग्नपत्रिकेवर काय छापलंय याच्याशी पोर्टलला देणंघेणं नाही.

बाहेर जाऊन परत येण्यातल्या चुका

बहुप्रवेश व्हिसावर एकदा नोंदणी झाली की त्याच व्हिसावर कितीही वेळा ये-जा केली तरी दर वेळी पुन्हा नोंदणी लागत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्याने काही विद्यार्थी सुटीवरून परतल्यावर उगीच दुसरा अर्ज टाकतात आणि घोळ वाढवतात. पण बाहेर असताना व्हिसा संपला आणि नवीन व्हिसा घेऊन आलात, तर नोंदणी नव्याने, चौदा दिवसांच्या आत. जुनं प्रमाणपत्र पुढे करून उपयोग नाही.

एकप्रवेश व्हिसा असताना बहिणीच्या लग्नाला मायदेशी जायचं असेल, तर जाण्याआधी ई-एफआरआरओवर ‘रिटर्न व्हिसा’चा अर्ज करा. विमानतळावर पोचल्यावर हा विषय काढला तर अधिकारी तुम्हाला जाऊ देईल. येण्याचं मात्र दूतावासात नव्याने बघावं लागेल.

ई-टूरिस्ट व्हिसावर सासरी राहायला येणाऱ्या सुनांचा प्रकार वेगळाच. व्हिसा पाच वर्षांचा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त असतात. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही हे वाचलेलंच नसतं. श्रीलंकेला चार दिवस जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते, हा समज खोटा आहे. वर्षभराचे दिवस एकत्र मोजले जातात. लग्न झालं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून एंट्री व्हिसात बदल मागता येतो, तो मार्ग धरा.

इथे मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानचा दाखला चालत नाही. वधू-वरांपैकी एक हिंदू नसेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस, तीस दिवसांची मुदत आणि मग नोंदणी. नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं. नोंदणी पुढे ढकलणाऱ्यांचं नुकसान दुहेरी होतं. जोडीदार म्हणून ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड) मागायला नोंदणीकृत विवाह अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. वाजतगाजत झालेल्या लग्नाला चार वर्षं झाली आणि नोंदणी गेल्या महिन्यात झाली, तर अजून थांबावं लागणार.

ओसीआय आहे म्हणून सगळं संपलं, असं नाही

ओसीआय कार्डधारकाला कितीही दिवस राहिलं तरी एफआरआरओची नोंदणी नाही, हे खरं. पण भारतातच राहणाऱ्या ओसीआयधारकाने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला, की संबंधित एफआरआरओला ईमेलने कळवायचं असतं. टिळकवाडीतलं घर विकून खानापूरला गेलात, तर हा ईमेल पाठवलाच पाहिजे. पाठवणारे फार थोडे.

नवीन पासपोर्ट आल्यावर काय करायचं, याचा नियम २०२१ मध्ये सोपा झाला. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत जितक्या वेळा नवा पासपोर्ट येईल, तितक्या वेळा त्याची प्रत आणि फोटो ओसीआय पोर्टलवर चढवायचा. पन्नाशी पूर्ण झाल्यावर आणखी एकदा. पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कार्डच नव्याने काढावं लागतं ते एकदाच, वीस वर्षं पूर्ण झाल्यानंतर नवा पासपोर्ट आल्यावर. मूळ कार्डच विशीनंतर काढलं असेल तर तेही नाही. जोडीदार म्हणून ओसीआय मिळालेल्यांना मात्र प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर विवाह टिकून असल्याचं घोषणापत्रही द्यावं लागतं.

पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार यांसाठी ओसीआयवाल्यालाही वेगळी परवानगी लागते. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे चार एकर ‘नातवाच्या नावावर’ करायचा बेत असेल, तर आधी वकिलाकडे जा.

अर्ज अडकला तर

ई-एफआरआरओचं काम २०१८ पासून ऑनलाइन आहे. बहुतेकांना कार्यालयात जावं लागत नाही आणि प्रमाणपत्र ईमेलवर येतं. अर्ज पुढे सरकत नसेल, तर आधी लॉगिन करून शेरा वाचा. अनेकदा जास्तीचा कागद मागितलेला असतो आणि तो मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. एजंटाने स्वतःचा ईमेल टाकला असेल तर तो शेरा तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून ईमेल आणि मोबाइल अर्जदाराचाच द्या. वेबसाइटचा पत्ता सरकारी आहे ना, शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हेही पाहा. त्याच तोंडवळ्याच्या खासगी साइट पैसे उकळतात.

पासपोर्ट हरवला, तर क्रम असा: पोलीस ठाण्यात नोंद, मग त्या देशाच्या दूतावासाकडून नवा पासपोर्ट किंवा प्रवासाचा तात्पुरता कागद, मग ई-एफआरआरओवर व्हिसा नव्या पासपोर्टवर घेण्याचा किंवा देश सोडण्याच्या परवानगीचा अर्ज. नवा कागद हातात आला म्हणून थेट गोव्याचं दाबोळी विमानतळ गाठलं, तर विमान चुकतं. त्या कागदावर तुम्ही भारतात कसे आलात याचा शिक्काच नसतो. म्हणून पाहुणा आला त्याच संध्याकाळी पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा आणि शिक्क्याचं पान, तिन्हींचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.