डिस्क्रेपन्सीचा आकडा हलत नव्हता, तो असा हलवला

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या लाटांचं मॉडेल, इनपुट १०, वाऱ्यापासून भरतीपर्यंत, आणि मॉडेल चालवायला निवडलेले पॉइंट सगळीकडे सारखे पसरलेत का बघायला स्टार डिस्क्रेपन्सी हवी होती, म्हणजे शून्याच्या कोपऱ्यापासून काढलेल्या खोक्यांत, खोक्याचं आकारमान आणि त्यात पडलेल्या पॉइंटांचा वाटा यांतला सगळ्यात मोठा फरक. नेमकी काढणं एनपी-हार्ड, म्हणजे इनपुट वाढले की हिशोब आवाक्याबाहेर, म्हणून थ्रेशोल्ड अ‍ॅक्सेप्टिंग लावलं (छोट्या चालींनी शोधत जायचं, एका मर्यादेपर्यंत, म्हणजे थ्रेशोल्डपर्यंत, वाईट चालही चालवून घ्यायची), विंकर आणि फँगनी १९९७ साली वापरलेलं तेच. पण आकडा जाम हलेना, कारण छोट्या चालीत खोक्यातले पॉइंट तेच राहायचे. मग खोक्याचा कोपरा कुठेही न ठेवता पॉइंटांच्याच कोऑर्डिनेटवर बसवला, उघडं खोकं (कडेवरचे पॉइंट न मोजणारं) वर वाढवून, बंद (कडेवरचेही मोजणारं) असेल तर खाली आवळून, आणि आकडा लगेच वाढला. वाढला ते बरंच, खरी डिस्क्रेपन्सी याहून कमी नसतेच. थ्रेशोल्ड शून्याकडे नेताना घाई नको, रात्रभर चालू द्या, पावसात लाईट टिकली तर.