स्कॅन झालं, पण सापडेना: लेखकाचा संग्रह घेताना या चुका टाळा

एका वाचनालयात मदतीला गेलो होतो. दिवंगत लेखकाच्या घरून कागदांची सहा खोकी आणि एक जुना संगणक आला होता. उत्साही मंडळींनी पहिल्याच रविवारी लिफाफ्यांतली पत्रं बाहेर काढून तारखेप्रमाणे लावून टाकली. दिसायला झकास! पण कुठलं पत्र कुठल्या हस्तलिखितात खोचलेलं होतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडणारा माणूस आतला क्रम मोडत नाही. इथेही तेच करा: आधी आहे तसा फोटो, मग खोक्याला आणि पुडक्याला क्रमांक, आणि त्यानंतरच कागदाला हात.

त्याच्याही आधी दानपत्र. 'घेऊन जा हो, घरात जागा नाही' एवढ्या बोलीवर संग्रह उचलू नका. कागद तुमचे झाले म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही. लेखकाला आलेल्या पत्रांचा हक्क ती लिहिणाऱ्याचा, नाहीतर त्याच्या वारसांचा. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. हयातीत न छापलेलं लेखन मागाहून प्रसिद्ध झालं, तर मात्र ही ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणून काय वेबसाइटवर चढवायचं, काय काही वर्षं बंद ठेवायचं, हे दानपत्रातच लिहून घ्या. वारस तीन असतील तर सह्या तिघांच्या. परगावच्या बहिणीचा फोन नंतर येतोच.

संगणक उघडून बसू नका

खरी गोची इथे आहे. फाइल उघडून चुकून 'सेव्ह' केली की बदलाची जुनी तारीख गेली. आधी जाणकाराकडून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या, तिचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो) नोंदवा आणि काम प्रतीवर करा.

मग फाइल उघडते आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल 'करप्ट' आहे म्हणून पुसू नका! युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी आजची पद्धत) रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटांत टाइप व्हायचा. तिथे मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तोच फाँट मिळाला की मजकूर जागा होतो. त्यानंतर कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा, पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटांत रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, त्यामुळे 'धर्म'चं 'धमर्' आणि 'मार्ग'चं 'मागर्' होतं. पहिली वेलांटीही अशीच भलत्या अक्षराला चिकटते. जुन्या फाँटातली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसेल, पण वाचक 'धर्म' शोधेल तेव्हा हाती शून्य. मूळ फाइल, फाँट आणि युनिकोड प्रत, तिन्ही जपा. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली तर आजच पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफ) करून ठेवा. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे.

स्कॅन आणि नोंदी

मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणारा फाइल-प्रकार), किमान ३०० डीपीआय; शाई फिकी असेल तर ४००. जेपेग फक्त वाचकांसाठी. 'स्कॅन००३४' हे नाव नव्हे. खोकं, पुडकं आणि पान यांचे क्रमांक नावातच येऊ द्या.

तारखेत घोळ हमखास होतो. शके १७१० दिसलं की ७८ मिळवून १७८८ टाकतात. पण त्या शकाचा फाल्गुन १७८९ मध्ये पडतो. कागदावरची तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, इसवी सन दुसऱ्यात.

एकच हार्ड डिस्क

ती कार्यवाहांच्या कपाटात, आणि कार्यवाह मुलाकडे न्यू जर्सीला. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. दर सहा महिन्यांनी चेकसम ताडून पाहा आणि चार-दोन फायली उघडूनही बघा.

स्कॅन झालं म्हणून कागद रद्दीला देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्या सहा खोक्यांतले रिकामे लिफाफे आठवतात. ते त्याच रविवारी रद्दीत गेले. निम्म्या पत्रांवर तारीखच नव्हती. ती लिफाफ्यावरच्या टपालाच्या शिक्क्यात होती.