ट्रिमविना रेडमधील एसएसडीचा वेग टिकवताना

रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह जोडून केलेला संच, आणि ट्रिम म्हणजे कोणती जागा आता वापरात नाही हे एसएसडीला सांगणारी आज्ञा. रेड चालवणारा कंट्रोलर ही आज्ञा पुढे पाठवत नसेल, तर फाइल पुसली गेल्याचे एसएसडीला कळतच नाही आणि जागा साफ करताना तो निरुपयोगी डेटाही इकडून तिकडे हलवत राहतो. त्यामुळे लेखनाचा वेग हळूहळू घटतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे रेड बांधण्यापूर्वी प्रत्येक ड्राइव्ह सिक्युअर इरेज करून (म्हणजे त्यातला सगळा डेटा पुसून तो पूर्ण कोरा करून) त्याची १० ते २० टक्के जागा रेडच्या बाहेर कोरी ठेवणे, उदाहरणार्थ १००० जीबीपैकी ८५० जीबीच वापरणे. ही जागा रेडच्या आत ठेवून भागत नाही, कारण सुरुवातीच्या पूर्ण इनिशियलायझेशनमध्ये, म्हणजे रेड तयार करताना होणाऱ्या संपूर्ण लेखनात, तीही लिहिली जाते. वेग आधीच मंदावला असल्यास बॅकअप घेऊन हीच प्रक्रिया नव्याने करावी. डीफ्रॅगमेंटेशन (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) मात्र कटाक्षाने टाळावे.