परदेशी प्राध्यापक येताहेत? शालीआधी 'सी फॉर्म' बघा

कॉलेजात परदेशी अभ्यासक येणार म्हटलं की आपली धावपळ शाल-श्रीफळापासून सुरू होते. आधी 'सी फॉर्म', म्हणजे मुक्कामाला आलेल्या परदेशी पाहुण्याची माहिती कळवायचा फॉर्म बघा. पाहुणा मुक्कामाला आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या पोर्टलवर भरावी लागते. 2025 मध्ये परदेशी नागरिकांबाबतचा कायदा नवा आला, तरी हे बंधन कायम आहे. हॉटेलवाले ते स्वतःच भरतात. अडतं ते पाहुण्याला कॉलेजच्या गेस्ट हाऊसवर किंवा इथं बेळगावात टिळकवाडीत एखाद्या सरांच्या घरी उतरवलं तर. तिथं जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. त्यासाठी पोर्टलवर त्या जागेची नोंदणी लागते, ती आठवडाभर आधीच उरका. पाहुणे आल्या आल्या पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचे फोटो घ्या, कुठून आले नि पुढं कुठं जाणार ते विचारा. चहा नंतर! भरलेल्या फॉर्मची प्रिंट ऑफिसात ठेवा.

सेमिनारसाठी कॉन्फरन्स व्हिसा वेगळा असतो, त्याला तुमचं निमंत्रणपत्र लागतं; ते वेळेत पाठवा.

तारखा ठरवताना डिसेंबर टाळलेला बरा. इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, पोलीस सगळे इकडंच, मग बेळगावात धड खोली मिळत नाही. पाहुणे गोव्यात उतरणार असतील तर पावसाळ्यात तिकडून येताना लागणारा चोर्ला घाट रात्रीचा नको.